एक गाणं होईपर्यंत

गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं कापड माझ्या दुकानात आधी पांढरं असायचं. पुढे नव्या खुर्च्या आणल्या, त्यांच्यासोबत काळी कापडं आली. केस काळे, कापड काळं, मळ दिसत नाही, म्हणून हल्ली सगळेच काळं घेतात. पहिल्याच रविवारी डोंगरी बुजरुगच्या खाणीतून रात्रपाळी करून आलेला एक भाऊ खुर्चीत बसला. मी डोक्यातून कंगवा फिरवला आणि त्याच्या मांडीवरच्या कापडावर रव्यासारखा कोंडा पडला. पांढऱ्या कापडावर इतकी वर्षं तो कधी दिसला नव्हता. त्याने खाली पाहिलं, मग आरशातून मागच्या बाकावर बसलेल्या दोघांकडे पाहिलं, आणि कापडाखालून हात काढून घाईघाईने झटकायला लागला.

मी काही बोललो नाही. कापड सोडलं, दाराबाहेर झटकलं, उलटं करून पुन्हा बांधलं.

"रातभर हेल्मेट रायते ना जी डोक्शावर," तो हळूच म्हणाला.

"रायते ना, भाऊ."

एवढंच बोलणं झालं. पण त्याचा तो झटकणारा हात माझ्या डोळ्यांसमोरून गेला नाही. खाणीत दगड फोडणारा माणूस, आणि चार दाणे कोंड्यासाठी त्याची मान खाली जाते. त्या दिवसापासून मी डोक्यांकडे नीट पाहायला लागलो. केस कापायचे म्हणून डोकं रोजच पाहत होतो. कातडीकडे बघायची सवय तेव्हापासून लागली.

माझं दुकान आहे ते नाकाडोंगरी म्हणजे भंडारा जिल्ह्याचं उत्तरेचं टोक. पलीकडे मध्यप्रदेश, बावनथडी नदी, आणि अलीकडे मॅंगनीजच्या खाणी. डोंगरी बुजरुगची खाण उघडी आहे, चिखल्याची जमिनीखाली. डोंगरीच्या खाणीतून निघणारं मॅंगनीज बॅटरीच्या सेलमध्ये जातं, काळंकुट्ट, हाताला लागलं की काजळीसारखं पसरतं. त्यामुळे आमच्याकडे कोणाच्या डोक्यात कोंडा झाला की खापर फुटतं ते खाणीच्या धुळीवर. माझाही तोच समज होता. खाणीतल्या माणसाचा कोंडा मळकट, राखेच्या रंगाचा असतो हे खरं. पण दुकानात शाळेचे गुरुजी येतात, किराणावाले येतात, धानाची शेती करणारे येतात, आणि खाणीत कधी पाऊलही न टाकलेल्या या डोक्यांतही कोंडा असतोच. धूळ तेलकट पापुद्र्याला चिकटते आणि त्याचा रंग बदलते. पापुद्रा मात्र धुळीमुळे येत नाही.

माझे वडील धोकटी घेऊन घरोघरी जायचे. नाकाडोंगरी, डोंगरी, गोबरवाहीकडची काही घरं त्यांच्याकडे बांधलेली होती; वर्षाकाठी धान मिळायचं. धोकटीत वस्तरा, कैची, नराणी, तुरटीचा खडा, चामड्याचा पट्टा आणि एक पितळी वाटी. अंगणात माणूस उकिडवा बसायचा, वडील समोर बसायचे, त्या घरच्या बाईकडून वाटीत पाणी घ्यायचे आणि दाढी भिजवायला सुरुवात करायचे. साबण फार उशिरा आला. आधी नुसतं पाणी आणि बोटं. गालावर, हनुवटीखाली, मिशीच्या कडेने, बोटांच्या पेरांनी गोल गोल चोळत राहायचे. मी लहान होतो, मला कंटाळा यायचा. वस्तरा फिरवायला लागायचे पाच मिनिटं, भिजवायला दहा. वडिलांचं म्हणणं असं, की दाढी वस्तऱ्याने होत नाही, पाण्याने होते. वस्तरा फक्त उचलून नेतो.

त्या बोलण्याचा पूर्ण अर्थ मला चाळिशी ओलांडल्यावर कळला. वडिलांच्या हाताखालच्या माणसाचा चेहरा दर आठ दिवसांनी दहा मिनिटं पाण्यात चोळला जायचा आणि मग त्यावरून धारदार पातं फिरून सुटलेली कातडी निघून जायची. त्या माणसांच्या दाढीत कोंडा मी पाहिल्याचं आठवत नाही. आता पोरं दाढी ठेवतात, आम्ही ट्रिमर फिरवतो. कोरड्या चेहऱ्यावर, पाण्याचा थेंब न लावता. कडा आखून देतो, पावडर मारतो, वरून कोणी मागितलं तर दाढीचं तेल लावतो. केसांखालच्या कातडीला महिनोन्महिने कोणाचं बोट लागत नाही. घरी आंघोळ करतानाही पोरगा तोंडावर दोन ओंजळी पाणी मारतो, ते दाढीच्या वरूनच ओघळून जातं.

हे मला कळलं ते 2020 मध्ये, आणि माझ्याच चेहऱ्यावरून कळलं.

मार्चच्या शेवटी करोनामुळे सगळं बंद झालं, तसं दुकानही. आमच्या धंद्यावर त्या वर्षी काय आलं ते वेगळं लिहावं लागेल. राज्यात सलून उघडायची परवानगी मिळाली 28 जूनला. रविवार होता. पण परवानगी फक्त केस कापण्याची. दाढीला मनाई, कारण चेहऱ्याला हात लावायचा नव्हता. तीन महिने घरी बसून माझीही दाढी वाढली होती, आयुष्यात पहिल्यांदा. वर मास्क. उकाड्यात मास्कच्या आत घाम, वाफ, ओठांभोवती सतत ओल. जुलै लागला तेव्हा मिशीखाली आणि हनुवटीवर खाज सुटायला लागली. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल झालं, भुवयांत पापुद्रे आले. काळा सदरा घातला की छातीवर पांढरे कण. आता मी कापड झटकणारा राहिलो नव्हतो. खुर्चीत बसून मान खाली घालणाऱ्या भावासारखी माझी स्थिती झाली होती. मला वाटायचं, गिऱ्हाईक बघत असेल, मनात म्हणत असेल की हा काय आपलं डोकं साफ करणार.

आधी घरचे उपाय केले. खोबरेल तेल कोमट करून दाढीत जिरवलं. दोन दिवस पापुद्रे बसल्यासारखे वाटले, तिसऱ्या दिवशी दुप्पट झाले. लिंबू चोळलं, आग झाली. मग मेडिकलमधून एक ट्यूब आणली, नाव न विचारता, खाजेवरची म्हणून. तीन दिवसांत चेहरा कसा लखलखीत झाला. ती लावणं बंद केलं आणि आठवडाभरात सगळं परत आलं, आधीपेक्षा लाल, आधीपेक्षा जास्त आग करणारं. पुन्हा लावली. असं दोनदा झाल्यावर बायको म्हणाली, "आता तुमसरले जा अन् चामडीच्या डॉक्टरले दाखवा. ते ट्यूब फेकून द्या बाप्पा."

गेलो तालुक्याला. डॉक्टरांनी आधी ट्यूबच हातात घेतली. त्यात स्टेरॉइड होतं. ही मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम 2018 साली आणखी कडक झाला आहे, तरी लोक सर्रास आणतात आणि चेहऱ्याला फासतात. कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि खाली नायटा असेल तर तो झाकून पसरत राहतो. मग त्यांनी विचारलं, काय काम करता. मी सांगितलं. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला पंधरा मिनिटं समजावलं. बाहेर रांग होती तरी. मला वाटतं, हा माणूस रोज वीस डोक्यांना हात लावतो, याला नीट सांगितलं तर वीस घरांत जाईल, असा त्यांनी हिशेब केला असावा.

त्यांनी सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगतो. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर एक बारीक बुरशी राहते. मॅलासेझिया तिचं नाव. मालासे नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1874 मध्ये ती कोंड्याच्या पापुद्र्यांत पाहिली, त्याच्यावरून पडलं. जन्मानंतर लवकरच ती आपल्याकडे मुक्कामाला येते आणि आयुष्यभर राहते. स्वतःची चरबी तिला बनवता येत नाही, म्हणून जिथे कातडी तेल सोडते तिथेच ती पोसते: डोकं, भुवया, नाकाच्या कडा, कानामागे, दाढी-मिशी, छातीचा मध्य. तेल खाऊन ती एक आम्ल मागे सोडते. काहींच्या कातडीला ते चालतं, काहींच्या कातडीला ते झोंबतं. ज्यांना झोंबतं त्यांची कातडी घाबरून भराभर नव्या पेशी वर ढकलते. एरवी महिनाभर लागणारं काम थोड्या दिवसांत उरकलं जातं, पेशी अर्धकच्च्याच वर येतात, एकमेकींना चिकटतात, आणि आपल्याला दिसेल एवढा पापुद्रा सुटतो. तो कोंडा. लाली आणि खाज वाढली की डॉक्टर त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात.

हे ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की खोबरेल तेलाने माझी दाढी का बिघडली. मी त्या बुरशीला जेवण वाढत होतो.

औषध साधं निघालं. केटोकोनॅझोलचा दोन टक्क्यांचा शांपू. आठवड्यातून दोनदा, डोक्याला आणि दाढीला, भुवयांनाही. चार आठवडे. मग आठवड्यातून एकदा, पुढे पंधरा दिवसांतून एकदा, पण सोडायचं नाही. बुरशी घरचीच आहे, ती परत वाढणारच. मधल्या दिवशी साध्या शांपूने धुवायचं. ज्यांना हा शांपू महाग पडतो त्यांना झिंक पायरिथिऑनचा किंवा सेलेनियम सल्फाइडचाही चालतो. उठताना डॉक्टर म्हणाले, "लोक शांपू लावतात आणि लगेच पाणी ओततात. औषधाला कातडीवर बसायला वेळच देत नाहीत. तीन ते पाच मिनिटं फेस तसाच राहू द्या."

तीन ते पाच मिनिटं घड्याळ बघून कोण मोजणार? एसटीत बसल्या बसल्या मला सुचलं. दुकानात सकाळपासून जुनी गाणी चालू असतात. एक गाणं साधारण तेवढंच असतं. मी तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगतो: फेस करा, बोटाच्या पेरांनी कातडीपर्यंत पोचवा, नखं लावू नका, आणि एक गाणं होईपर्यंत तसेच बसा. मग धुवा, फेसाचा चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत.

माझा चेहरा तिसऱ्या आठवड्यात निवळला. त्या वर्षाच्या अखेरीस मी दुकानाच्या मागच्या बाजूला बेसिन बसवून घेतलं. केस कापले की धुवायचं, दाढी ट्रिम केली की धुवायची, ट्रिमरआधी चेहरा भिजवायचा. दहा रुपये जास्त. पोरांना आधी फुकट केलं. एका गुरुजींनी बेसिन पाहून मला एक गोष्ट सांगितली, ती मी अनेकांना सांगतो. शांपू हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला, चंपीवरून. पाटण्याचा शेख दीन मोहम्मद नावाचा माणूस दोनशे वर्षांमागे इंग्लंडात ब्रायटनला गेला, तिथे चंपी-मालिशचं स्नानगृह काढलं आणि इंग्लंडच्या राजाची चंपी केली. बोटांनी डोकं चोळणं हा मूळ अर्थ, बाटली नंतरची. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं. वडिलांची बोटं आठवली.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही. कोंड्याबद्दल कळायला लागलं तसं मला प्रत्येक डोक्यात कोंडाच दिसायला लागला. एक बाई आठ वर्षांच्या पोराला घेऊन आल्या. डोक्यावर रुपयाएवढा डाग, पांढरी खपली, तिथले केस विरळ. मी म्हटलं, "कोंडा आहे काकू, शांपूने धुवा." त्याचे केस कापले. तोच कंगवा, तीच मशीन पुढच्या पोराला लावली. पंधरा दिवसांनी त्या पोराला घेऊन काकू परत आल्या. डाग तीन झाले होते, केस मुळाशी तुटलेले. आणि दुसऱ्या पोराच्याही मानेवर एक गोल उठला होता. तो नायटा होता, डोक्यातला. तो लागतो. कंगव्याने, टॉवेलने, मशीनने लागतो. नुसत्या शांपूने जात नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात, कित्येक आठवडे. दोन्ही घरी मी स्वतः गेलो आणि सांगितलं की हे माझ्या दुकानातून झालं असावं. दोन्ही पोरांना तुमसरला घेऊन जायचा खर्च मी दिला. काकू माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझ्याकडे कंगवे बारा झाले. वापरलेला कंगवा आधी साबणाने धुतला जातो, मग औषधी पाण्यात पडतो. मशीनचं पातं प्रत्येक डोक्यानंतर ब्रशने झाडून औषधाने पुसतो. ब्लेड तर कधीचं प्रत्येकाला नवं. एड्सची भीती आली तेव्हापासून गिऱ्हाईकच डोळ्यांसमोर कागद फाडायला लावतं. टॉवेल ज्याचा त्याने आणला तर उत्तम. आणि कोंडा म्हणायची घाई मी सोडली. सगळ्या डोक्यावर भुरभुरीत, केस शाबूत: तो बहुतेक कोंडा. एकाच जागी गोल, केस तुटलेले, विशेषतः लहान पोर: डॉक्टर. जाड, चांदीसारखी खपली, कोपरावर-गुडघ्यावरही तशीच: तो सोरायसिस असू शकतो, डॉक्टर. महिनाभर नीट धुऊनही फरक नाही: डॉक्टर. माझं काम पाहणं आणि पाठवणं.

डोकं पाहायचे प्रसंग न्हाव्याच्या वाट्याला जेवढे येतात तेवढे दुसऱ्या कोणाच्या येत नसतील. जावळ काढताना तान्ह्याच्या टाळूवर पिवळट खपल्या असतात, आई घाबरून विचारते. तोही याच घराण्यातला प्रकार, पण बाळाचा आपोआप जातो. थोडं तेल लावून मऊ करावं, मऊ ब्रशने काढावं, धुवावं, नखाने ओरबाडू नये. आणि दुसऱ्या टोकाला दहावं. बावनथडीच्या काठावर सकाळी घरातले सगळे पुरुष ओळीने बसतात आणि मी एकामागून एक डोकी उतरवतो. दहा दिवस त्यांनी तेल-साबण लावलेला नसतो. केस निघाले की सगळ्या भावांच्या डोक्यावर एकाच ठिकाणी, कपाळाच्या वरच्या कडेला, तोच लालसर पट्टा दिसतो. रक्ताची ओळख अशीही असते. त्या दिवशी मी काही सांगत नाही. पाणी जास्त घेतो, हात हळू चालवतो, चोळून धुतो. एकदा एका थोरल्या भावाने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "बाबूजी असंच धुवायचे आमचं डोस्कं." मी थांबलो नाही, धूत राहिलो.

2022 च्या दिवाळीनंतर आमच्या गावाजवळचा एक शेतकरी दुकानात आला. मुलाला मोठं आजारपण येऊन गेलं होतं. नवस बोलला होता, पोरगा बरा झाला तर गायमुखच्या महादेवाला महाशिवरात्रीपर्यंत दाढीला वस्तरा लावणार नाही. पोरगा बरा झाला. दाढी दोन बोटं वाढली होती आणि आत खाज असह्य. हिवाळा तोंडावर, आणि हिवाळ्यात कोंडा भडकतो. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, दाढी काढ, सगळं जाईल. ते खोटं नव्हतं. तुळतुळीत दाढी केली की हा त्रास बहुतेकांचा कमी होतो. पण नवस होता.

"काढाची नाही जी," तो म्हणाला. "मरून जाईन पण काढनार नाही. बिना काढता काही असन तं सांगा."

"आहे ना, दादा. धुवा लागन फक्त."

त्याला मी बेसिनशी बसवलं. दाढी आधी कोमट पाण्याने नीट भिजवली. आत बोटं घातली तर पापुद्रे ओलसर तांदळाच्या कोंड्यासारखे बोटाला लागत होते. फेस केला, हनुवटीखाली, जबड्याच्या कडेने, खालच्या ओठाखालच्या खळीत, जिथे कोणाचंच बोट जात नाही. त्याचे डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. मी विचारलं, आग होते का? त्याने मान हलवून नाही म्हटलं. मग धुतलं, टॉवेलने न चोळता टिपलं. त्याला सांगितलं, ओली दाढी घेऊन थंडीत मफलर गुंडाळू नका, आधी वाळू द्या. तेल लावू नका. अंघोळीचा साबण दाढीला नको. दर बुधवारी आणि रविवारी औषधाचा शांपू.

बुधवारी तो घरी धुवायचा, रविवारी माझ्याकडे यायचा. शेतातून धानाची मळणी सोडून यायचा. दोन रविवार फरक नव्हता, तो उतरल्या चेहऱ्याने बसायचा. तिसऱ्या रविवारी म्हणाला, रात्री झोप लागली. मधे एक आठवडा लग्नकार्यात धुणं राहिलं, लगेच गालावर लाल झालं. तेव्हापासून त्याने चुकवलं नाही. जानेवारीच्या थंडीत, पहाटे चुलीवर पाणी तापवून, तो फेस लावून अंगणात बसायचा. गाणं लावायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याची बायको हरिपाठातला एक अभंग म्हणायची, तो संपला की पाणी ओतायची. हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझे हात क्षणभर थांबले.

महाशिवरात्र 18 फेब्रुवारीला आली. त्याच्या आग्रहामुळे मी गायमुखला गेलो. वडिलांची धोकटी घेतली, तीच पितळी वाटी. यात्रेची गर्दी, नारळ, धूप, पोरांच्या पिपाण्या. एका झाडाखाली तो उकिडवा बसला, मी समोर. त्याचा पोरगा वाटीत पाणी घेऊन आला. मी दाढी भिजवायला लागलो आणि भिजवतच राहिलो, दहा मिनिटं. मग वस्तरा लावला. इतक्या महिन्यांची दाढी खाली पडत गेली, आणि आतून गाल निघाला. उन्हाने रापलेल्या कपाळाखाली तो फिकट, कोवळा दिसत होता. कुठे लाली नाही, कुठे पापुद्रा नाही. त्याने हनुवटीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, मग पोराचा हात धरून त्याच्या गालावर ठेवला.

"पाहा, बाबू."

पोराने पाहिलं आणि विचारलं, "आता नाही धुवाचं का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी वाटीतलं उरलेलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि म्हटलं, "डोस्कं आहे ना अजून. रविवारी दोघंही या."